जोडतानाच सोडवण्याचा विचार

वस्तू निकामी झाल्यावर तिचे काय होणार, हे बहुतांशी ती कागदावर आखली जाते तेव्हाच ठरून जाते. ती कशाकशापासून बनवायची, ते पदार्थ एकमेकांना कसे जोडायचे, कोणता भाग आधी झिजणार आणि तो काढून दुसरा बसवता येईल का, अशा मोजक्या निर्णयांवर तिचे पुढचे सगळे आयुष्य अवलंबून असते. प्लॅस्टिक, धातू आणि कागद यांचे थर एकमेकांना कायमचे चिकटवून बसवले, तर कचरा व्यवस्थापन पुढे कितीही चोख केले तरी ते थर सुटत नाहीत. म्हणून वस्तू आणि त्यांची सामग्री पुन्हा पुन्हा वापरात ठेवणाऱ्या चक्रीय अर्थव्यवस्थेचा विचार आराखड्यापासून सुरू करावा लागतो.

खाणीतून काढायचे, वस्तू बनवायची, वापरायची आणि टाकून द्यायची, ही सरळ रेषेतली पद्धत टिकणारी नाही हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट होऊ लागले. केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1966 मध्ये पृथ्वीला अंतराळयान म्हटले: आत आहे तेवढीच शिदोरी, बाहेर टाकायला जागा नाही. 1976 मध्ये वॉल्टर स्टाहेल आणि जेनेव्हीव्ह रेडे यांनी युरोपीय आयोगासाठी एक अहवाल लिहिला. वस्तूंचे आयुष्य वाढवले तर ऊर्जा वाचते आणि कामे वाढतात, कारण नवी वस्तू बनवायला यंत्रे आणि इंधन जास्त लागते, तर जुनी दुरुस्त करायला माणसे जास्त लागतात, हे त्याचे सूत्र होते. विल्यम मॅकडोनो आणि मायकेल ब्राउनगार्ट यांनी 2002 च्या ‘क्रेडल टू क्रेडल’ या पुस्तकात पदार्थांची दोन चक्रे सांगितली. एक जैविक, म्हणजे कुजून मातीत जाणारे. दुसरे तांत्रिक, म्हणजे कारखान्यात परत येणारे. या दोन्हींची सरमिसळ झालेली वस्तू धड मातीत जात नाही आणि धड भट्टीतही जात नाही. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेला कागदी कप हे त्याचे रोजचे उदाहरण.

या चक्रांमध्ये लहान-मोठे वळसे असतात. वस्तू आहे तशी वापरात ठेवणे हा सर्वांत लहान वळसा. त्यानंतर दुरुस्ती, मग सुटे भाग बदलून वस्तू नव्यासारखी करणे आणि शेवटी वितळवून कच्चा माल करणे. वळसा जितका मोठा, तितकी वस्तूत आधीच घातलेली मेहनत आणि ऊर्जा वाया जाते. पुनर्चक्रीकरणाचा गाजावाजा सर्वांत जास्त होतो, पण क्रमाने ते शेवटी येते.

महाराष्ट्रात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या याच क्रमाने चालत आला. नाशिकच्या भांडीबाजारात किंवा पुण्याच्या तांबट आळीत भांड्याच्या किमतीचे दोन भाग असत: धातूचे वजन आणि घडणावळ. कल्हई उडाली की पुन्हा करून घ्यायची, भोक पडले की डाग द्यायचा, आणि भांडे अगदीच कामातून गेले की मोडीत घालून नवे घ्यायचे. दुकानदार जुन्याचे वजन करून थोडी घट धरत असे आणि उरलेली रक्कम नव्याच्या किमतीतून वजा करत असे. गिऱ्हाईक घडणावळ गमावत असे, धातू गमावत नसे. हा व्यवहार शक्य होता तो भांड्याच्या रचनेमुळे. कडी, कान, काठ सगळे बहुधा एकाच धातूचे, आणि कल्हईचा पातळ थर तर पुन्हा पुन्हा करण्यासाठीच असलेला.

प्रेशर कुकर हे याच गुणाचे आधुनिक उदाहरण आहे आणि त्याकडे जवळून पाहण्यासारखे आहे. 1959 पासून भारतात कुकर बनू लागले. त्याचे अंग जाड ॲल्युमिनियमचे असते, ते सहसा झिजत नाही. झिजते ती झाकणाची रबरी रिंग, कारण वाफ आणि तेल यांनी रबर कडक होते. सुरक्षा झडपेत कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. कुकरमधले पाणी आटले की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे कुकरचा हा भाग बळी जाण्यासाठीच ठेवलेला असतो. मूठ बॅकेलाइटची असते, ती तडकते. पण स्क्रूने बसवलेली असल्यामुळे घरच्या घरी बदलता येते. रिंग, झडप, शिट्टी, मूठ हे सगळे भाग गावोगावच्या भांड्यांच्या दुकानात टांगलेले असतात, आणि वीस वर्षांपूर्वीच्या कुकरलाही बहुधा बसतात. लवकर खराब होणारे भाग स्वस्त, सुटे आणि वर्षानुवर्षे एकाच मापाचे. टिकणारा भाग महाग, पण आयुष्यभराचा. टिकाऊ वस्तूच्या रचनेबद्दल पाठ्यपुस्तकात जे लिहिलेले असते ते जवळजवळ सगळे या एका भांड्यात सापडते.

त्याच ओट्यावरचा नॉनस्टिक तवा नेमका उलट आहे. त्याचेही अंग ॲल्युमिनियमचे, दशकानुदशके टिकेल असे. पण त्यावरचा टेफ्लॉनचा थर काही वर्षांत खरवडला जातो आणि पुन्हा चढवून देण्याची सोय जवळपास कुठेच नसते. थर गेला की तवा गेला. भट्टीत घातला तर त्या थरातून विषारी वायू निघतात, म्हणून भंगारातही त्याचे स्थान दुय्यमच. पाच वर्षे टिकणारा भाग पन्नास वर्षे टिकणाऱ्या भागाला कायमचा चिकटवला की वस्तूचे आयुष्य पाचच वर्षांचे होते.

आयुष्य कमी करण्यामागे कधी कधी व्यापारी हिशेबही असतो. जगातील प्रमुख बल्ब उत्पादकांनी 1924 च्या अखेरीस जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा करार केला आणि घरगुती बल्बचे आयुष्य 1000 तासांवर आणून ठेवले. त्याहून जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सभासदांना दंड होत असे. अधिक काळ टिकणारा तंतू प्रकाश कमी देतो आणि वीज जास्त खातो, हा उत्पादकांचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या पोकळ नव्हता. तरीही दंडाची तरतूद हेतू सांगून जाते. आज तोच प्रश्न मोबाइल फोनमध्ये दिसतो. बॅटरीची क्षमता दोन-तीन वर्षांत घटते. फोनचे बाकीचे भाग त्याहून बरेच जास्त काळ चालू शकतात. पूर्वी मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येत असे. नंतर फोन पातळ आणि पाण्यापासून सुरक्षित करण्यासाठी ती आत चिकटवली जाऊ लागली. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीने 2015 मध्ये पडदा, कॅमेरा, बॅटरी असे भाग साध्या पेचकसाने सुटे करता येतील असा फोन आणला आणि हे अशक्य नाही हे दाखवून दिले. फ्रान्सने 2021 मध्ये फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दहापैकी दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाच्या नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून बहुतेक लहान उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे.

दुरुस्तीच्या पुढचा वळसा सामग्रीचा. तिथे महत्त्वाचा गुण शुद्धता. पदार्थ एकजिनसी असेल तर तो परत मिळतो, मिसळलेला असेल तर बहुधा मिळत नाही. हे समजून घ्यायला पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीइतके चांगले उदाहरण नाही.

नॅथॅनिएल वायेथ या अमेरिकन अभियंत्याने 1973 मध्ये पेट या प्लॅस्टिकच्या बाटलीचे पेटंट मिळवले. सुरुवातीच्या मोठ्या बाटल्यांचा तळ गोल असे. त्या उभ्या राहाव्यात म्हणून खाली दुसऱ्या प्लॅस्टिकची वाटी डिंकाने चिकटवलेली असे. पुढे तळालाच पाच पाकळ्यांसारखे पाय काढले गेले आणि वाटी गेली, डिंकही गेला. खर्च वाचवण्यासाठी केलेला हा बदल पुनर्चक्रीकरणालाही मोठा उपकारक ठरला.

तरी आजच्या बाटलीत तीन-चार पदार्थ असतातच. अंग पेटचे, बूच पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिइथिलिनचे, लेबल आणखी कशाचे तरी, शिवाय त्याचा डिंक. कारखान्यात बाटल्यांचे तुकडे करून ते गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात. त्याच टप्प्यावर पेटच्या घनतेचा उपयोग होतो. पेटची घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट, म्हणून ते बुडते. बुचाचे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते तरंगते. कोणतेही महागडे यंत्र न वापरता दोन्ही वेगळे होतात, आणि बुचाचा माल स्वतंत्रपणे विकला जातो. पण लेबल पीव्हीसीचे असेल तर हा मार्ग बंद होतो. त्याची घनता पेटच्या जवळपास असल्याने तेही बुडते. पेट वितळायला अडीचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते; त्या उष्णतेत पीव्हीसी जळते, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघते आणि सगळा घाणा पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यासाठी पीव्हीसीचे प्रमाण अगदी नगण्य असले तरी पुरते. लेबल कशाचे छापायचे हा विपणन विभागाला किरकोळ वाटणारा निर्णय बाटलीचे भवितव्य ठरवतो तो असा.

रंगाचेही तसेच. रंगहीन पेटपासून पुन्हा कोणत्याही रंगाची वस्तू बनते. हिरव्यापासून हिरवी किंवा काळीच बनते. म्हणून भंगारवाला रंगीत बाटलीला कमी भाव देतो. जपानच्या उद्योगाने स्वतःच नियम करून 2001 नंतर रंगीत पेट बाटल्या बंद केल्या. दक्षिण कोरियाने 2019 च्या डिसेंबरात पाणी आणि शीतपेयांच्या रंगीत बाटल्यांवर बंदी आणली. स्प्राइटने साठ वर्षांहून अधिक काळ ओळख बनलेली हिरवी बाटली 2022 मध्ये उत्तर अमेरिकेत सोडून दिली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 2017 मध्ये केलेल्या अभ्यासात भारतातील वापरलेल्या पेटपैकी सुमारे 90 टक्के पुन्हा उपयोगात येते असा अंदाज निघाला. जगाचे सर्वसाधारण चित्र याच्या अगदी उलट आहे. रोलंड गेयर, जेना जॅमबेक आणि कारा लॉ यांनी 2017 मध्येच मांडलेल्या हिशेबानुसार 2015 पर्यंत जगात सुमारे 830 कोटी टन प्लॅस्टिक बनले, त्यातल्या 630 कोटी टनांचा कचरा झाला, आणि त्या कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्क्यांचे पुनर्चक्रीकरण झाले. पेटच्या यशाचे श्रेय कचरा वेचणाऱ्या आणि भंगार घेणाऱ्या लाखो माणसांना आहे. ती बाटली उचलतात, कारण तिला भाव मिळतो, आणि भाव मिळतो तो ती बऱ्यापैकी एकजिनसी असल्यामुळे. अर्थात यातल्या बहुतांश बाटल्यांपासून पुन्हा बाटली होत नाही, पॉलिएस्टरचा धागा होतो. त्या धाग्याचा शर्ट झाला की पुढचे चक्र जवळजवळ थांबते. भारताच्या 2022 च्या नियमावलीने कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनात 2025-26 पासून 30 टक्के आणि 2028-29 पर्यंत 60 टक्के पुनर्चक्रित माल वापरण्याचे लक्ष्य ठेवले आहे, ते बाटलीपासून पुन्हा बाटली व्हावी म्हणूनच.

धारावीतल्या तेरा कंपाउंडमध्ये प्लॅस्टिक निवडणारी माणसे हे सगळे पदार्थ हातांनी, कानांनी आणि नाकाने ओळखतात. तुकडा टिचकी मारून ऐकायचा, वाकवून पाहायचा, शंका आली तर कडेला काडी लावायची: पॉलिइथिलिनला मेणबत्तीसारखा वास येतो, पीव्हीसीचा धूर नाकाला झोंबतो. निवडलेला माल दळून, धुऊन, वितळवून त्याचा दाणा होतो. पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांकडेही हेच ज्ञान आहे. कोणते वेष्टन विकले जात नाही, याची सर्वांत खात्रीची यादी त्यांच्याकडून मिळते. वस्तू आखणाऱ्यांनी त्यांच्यासोबत काही दिवस निवडायला बसण्याची पद्धत पडली, तर पुष्कळ चुका साच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत.

त्या यादीत सगळ्यात वर चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटे आणि शाम्पूचे सॅशे असतात. बाहेर छपाईचा एक थर, मध्ये ॲल्युमिनियमचा काही डझन नॅनोमीटरचा मुलामा किंवा पातळ वर्ख, आत उष्णतेने चिकटणारा थर. वेष्टन म्हणून ही रचना अतिशय कुशल आहे. दोन-तीन ग्रॅम सामग्रीत ती हवा, ओल आणि उजेड अडवते आणि पदार्थ महिनोन्‌महिने कुरकुरीत ठेवते. अन्न नासण्याचीही पर्यावरणाला मोठी किंमत पडते, हे लक्षात घेतले तर या पाकिटांना सरसकट वाईट म्हणणे योग्य नाही. पण थर सुटत नाहीत. शिवाय एक किलो भरायला शेकडो पाकिटे गोळा करावी लागतात, म्हणून कोणी ती उचलत नाही. भारताच्या 2016 च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत पुनर्चक्रीकरण न होणारे बहुस्तरीय वेष्टन दोन वर्षांत बंद करण्याची तरतूद होती. 2018 च्या दुरुस्तीने तिच्यात ऊर्जानिर्मितीसाठीही न चालणारे आणि ज्याचा दुसरा कोणताच उपयोग नाही असे, या अर्थाचे शब्द आले. सिमेंटच्या भट्टीत जाळणे किंवा रस्त्याच्या डांबरात मिसळणे हा उपयोग ठरत असल्याने जवळजवळ सगळी पाकिटे सुटली. या दुरुस्तीने वेष्टनाची रचना बदलण्याचा दबाव गेला, आणि हे नुकसान मोठे आहे. पर्याय नाहीत असे नाही. सर्व थर पॉलिइथिलिनच्याच निरनिराळ्या प्रकारांचे, वायू अडवणारा दुसरा पदार्थ अगदी अल्प प्रमाणात, अशी वेष्टने आता बनतात. चिप्सइतका कडक पहारा त्यांना अजून सगळीकडे जमत नाही, पण पिठे, डाळी, साबण यांच्यासाठी तो पुरेसा आहे.

दुधाची पिशवी ही या बाबतीत गुणी वस्तू. ती एकाच कुळातल्या पॉलिइथिलिनची असते. धुऊन, दोरीवर वाळवून ती रद्दीवाल्याला विकण्याची सवय मराठी घरांत मुरलेली आहे. तिची अडचण एका कोपऱ्यात आहे. कात्रीने कापून टाकलेला तो बोटभर तुकडा मोरीतून गटारात जातो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. कोपरा पूर्ण न कापता पिशवीला लटकत ठेवा, असे आवाहन म्हणूनच वारंवार केले जाते. हाच प्रश्न पेयांच्या डब्यांबाबत अमेरिकेत उद्भवला होता. 1962 मध्ये अर्मल फ्रेझ यांनी कडी ओढून उघडण्याचे झाकण शोधले आणि काही वर्षांतच किनाऱ्यांवर धारदार कड्यांचा खच पडू लागला. 1975 मध्ये डॅनियल कडझिक यांनी कडी डब्यालाच राहील असे झाकण आणले. ती रचना आजतागायत वापरात आहे. युरोपीय संघात 3 जुलै 2024 पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्यांचे बूच बाटलीला जोडलेले असणे बंधनकारक झाले. सुटा तुकडा सुटूच द्यायचा नाही, हा उपाय माणसाला शिस्त लावण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे.

कापडात मिश्रणाचा प्रश्न धाग्याच्या आतच असतो. जुन्या सुती लुगड्याची गोधडी होत असे, ती विरली की पायपुसणे, मग पोतेरे, आणि शेवटी चिंध्या मातीत मिसळत. नायलॉनच्या साडीचे पोतेरे होत नाही. ती पाणी शोषत नाही. ती बोहारणीकडे देऊन स्टीलचे पातेले घेता येते, पण पुढे तिचे काय हा प्रश्न उरतोच. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर आणि कापूस एकाच सुतात कातलेले असतात, आणि दळून एकत्र झालेल्या पिठातून गहू आणि ज्वारी पुन्हा निवडावेत तसे ते वेगळे करणे होऊन बसते. ताणल्या जाणाऱ्या जीन्समध्ये इलॅस्टेन दोन-चार टक्केच असते, पण तेवढ्याने धागे उसवणारी यंत्रे अडकतात. हरियाणातील पानिपत येथे जगभरातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत कातले जाते. तिथे बायका ब्लेडने बटणे, चेन आणि लेबले कापून काढतात आणि कपडे रंगानुसार निवडतात, म्हणजे नव्या सुताला पुन्हा रंगवावे लागत नाही. बटण किती घट्ट शिवले आहे आणि अस्तर कशाचे आहे, यावर त्यांची मजुरी अवलंबून असते.

धातू वितळवून कितीही वेळा वापरता येतात असे म्हटले जाते. ते बरेचसे खरे आहे. ॲल्युमिनियम परत वितळवायला खनिजापासून बनवण्याच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते. पण पेयाच्या डब्याचे अंग एका मिश्रधातूचे आणि झाकण दुसऱ्याचे असते. इंजिनाच्या ओतीव भागांत सिलिकॉन एवढे असते की त्यापासून पुन्हा पातळ पत्रा निघत नाही. पोलादाचा शत्रू तांबे. मोटारीतल्या तारा आणि लहान मोटारी न काढता सांगाडा भट्टीत गेला की तांबे पोलादात उतरते, आणि तिथून ते काढण्याचा परवडणारा मार्ग नाही. असे पोलाद लाल तापवून लाटताना तडकते. जालन्याच्या भट्ट्यांत भंगारापासून बांधकामाच्या सळया बनतात. सळईला थोडे तांबे चालते, मोटारीच्या पत्र्याला चालत नाही. तारांचा जुडगा एका ओढीत निघेल अशी गाडीची रचना केली तर तिचे पोलाद पुन्हा गाडीत जाऊ शकते.

शिसे-आम्ल बॅटरी रचनेच्या दृष्टीने आदर्शवत आहे. शिसे, पॉलिप्रॉपिलिनचा डबा आणि आम्ल, तिन्ही वेगळे होतात. जुनी बॅटरी दिल्यावर नवी स्वस्त मिळते, त्यामुळे ती क्वचितच कचऱ्यात दिसते. भारतात 2001 च्या नियमांनी विक्रेत्यांना जुन्या बॅटऱ्या परत घेणे बंधनकारक केले. आणि तरीही उघड्यावर शिसे वितळवणाऱ्या बेकायदा भट्ट्यांनी आसपासच्या मुलांच्या रक्तात शिसे भिनवले आहे. वर्तुळ पूर्ण झाले म्हणजे ते निर्मळ झाले असे नाही. वस्तू सहज सुटणारी असली तरी ती कोणी, कुठे आणि कोणत्या संरक्षणाने सोडवायची याची व्यवस्था तिच्यासोबतच उभी करावी लागते.

काही पदार्थ मुळातच परत वितळत नाहीत. कुकरच्या मुठीचे बॅकेलाइट, टायरचे रबर आणि पवनचक्कीच्या पात्याचे इपॉक्सी यांचे रेणू एकदा एकमेकांत गुंतले की उष्णतेने सुटत नाहीत, जळतात. ट्रकच्या टायरवर नवा थर चढवून तो रिमोल्ड करता येतो, कारण त्याचा सांगाडा मजबूत ठेवलेला असतो. पात्याची गोष्ट अवघड. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या शतकाच्या वळणावर उभ्या राहिल्या. पवनचक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे धरतात, म्हणजे त्यांची वेळ भरत आली आहे. मनोऱ्याचे पोलाद आणि जनित्राचे तांबे विकले जाईल, पण काचतंतू आणि राळ यांच्या लांबलचक पात्यांना बाजार नाही. सीमेन्स गमेसा कंपनीने 2021 मध्ये सौम्य आम्लात विरघळणाऱ्या राळेची पाती आणली आणि पुढच्या वर्षी ती जर्मनीच्या समुद्रात बसवली गेली. तिथे बदल फक्त राळेत आहे. पात्याचा आकार, वजन, ताकद तीच.

कुजणाऱ्या पदार्थांबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पीएलए हे प्लॅस्टिक मातीत पडले की विरून जाते असे समजले जाते. प्रत्यक्षात त्याला औद्योगिक खतप्रकल्पातील 55 ते 60 अंशांचे तापमान लागते. परसातल्या खड्ड्यात किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे तसेच राहते. शिवाय ते पाण्यात पेटबरोबरच बुडते आणि भट्टीत पेटच्या आधी वितळून चिकटते, म्हणजे चांगल्या चक्रात खडा ठरते. उसाच्या चिपाडाच्या थाळ्या खरोखर कुजतात, मात्र तेल शोषू नये म्हणून त्यांत फ्लोरिनयुक्त रसायने घातलेली नसावीत. पळसाच्या पानांची काड्यांनी टाचलेली पत्रावळ या कसोटीला सहज उतरते. प्लॅस्टिकचा पापुद्रा लावलेली कागदी पत्रावळ उतरत नाही.

उत्तम आखलेली वस्तूही परत आली नाही तर चक्र तुटते. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड यांच्या 1872 च्या पेटंटची. जाड काच, मानेत गोटी, तोंडाशी रबराची कडी. ती गाडीपाशीच रिकामी करून परत द्यावी लागते आणि धुऊन पुन्हा भरली जाते. जिथे वस्तू दूर जाते तिथे अनामत हे काम करते. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर अनामत आहे, आता ती 25 सेंट, आणि 95 टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येतात. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात 2022 मध्ये दारूच्या बाटलीमागे 10 रुपये परत देण्याची योजना सुरू झाली, गोव्याने 2024 मध्ये व्यापक अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. काचेच्या पुनर्भरणाला अंतराची मर्यादा आहे. जड रिकाम्या बाटल्या शेकडो किलोमीटर वाहून नेल्या की डिझेलमध्येच बचत संपते. सगळ्या कंपन्यांची बाटली एकाच आकाराची ठेवली तर ती जवळच्या कोणत्याही कारखान्यात भरता येते. प्रत्येकाने आपले नाव काचेत उठवले की ही सोय जाते.

चक्राला काही न हटणाऱ्या मर्यादाही आहेत. प्रत्येक फेरीत थोडी सामग्री गळते, थोडी ऊर्जा लागते आणि जुनी रसायने पुढे सरकतात. टीव्हीच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमिनयुक्त द्रव्ये पुनर्चक्रित होऊन स्वयंपाकघरातल्या काळ्या झाऱ्यांत सापडली आहेत. काय मिसळायचे नाही, हे म्हणूनच काय मिसळायचे याइतकेच काटेकोरपणे ठरवावे लागते. दुसरी मर्यादा वाढीची आहे. आज मिळणारे भंगार वीस-तीस वर्षांपूर्वी बनलेल्या वस्तूंचे आहे, आणि तेव्हा बनल्या त्या आजच्यापेक्षा कमी. भारतात दरडोई पोलादाचा वापर अजून जागतिक सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे. इथल्या पुष्कळ इमारती, पूल आणि वाहने अजून बनायची आहेत. सगळे भंगार शंभर टक्के परत आले तरी ती गरज भागणार नाही, खनिज लागेलच. आता बनणाऱ्या या इमारती आणि वाहने काही दशकांनी भंगारात येतील, तेव्हा त्यांत नेमके काय आहे हे सांगणारे कोणी उरलेले नसेल. त्यासाठी वस्तूसोबत तिच्या घटकांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू होत आहे. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून विद्युत वाहनांच्या आणि दोन किलोवॅट-तासांहून मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांना असा डिजिटल पासपोर्ट लागेल. त्यात बॅटरीची रासायनिक घडण, पुनर्चक्रित धातूंचे प्रमाण आणि ती सुरक्षितपणे सुटी करण्याची कृती नोंदलेली असेल.